मागाच्या शेडात ऑफिस थाटताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या वडगावात कापडाच्या मागाच्या एका बंद पडलेल्या शेडात आम्ही सात जण बसतो. एक जण लोखंडी सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो, दोघी बेंगळुरूच्या कंपन्यांचं टेस्टिंग करतात, एक टॅक्सवाला, बाकीचे आम्ही पडेल ते काम करणारे. आता चौथा पावसाळा. आम्हाला फोन येतात ते दोन प्रकारचे. पुण्या-बेंगळुरूला भाडं भरून मेटाकुटीला आलेली इकडचीच पोरं विचारतात, 'गावाकडं असं काही जमेल काय?' आणि जुनं शेड, वखार, हॉल पडून असलेले जागावाले विचारतात, 'आमचं बी बघता काय?' उत्तरं तीच तीच, म्हणून एकदाची लिहून काढली.

मुळात असल्या जागांच्या मागं कशाला लागायचं? सरळ एक गाळा घ्यावा की.

परवडत असेल तर घ्याच. पण गणपत गल्लीतल्या किंवा खडेबाजारातल्या गाळ्याचं भाडं असतं रस्त्यावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेचं. तुम्ही दिवसभर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसणार, गिऱ्हाईक बसलंय हैदराबादला. त्या नजरेचे पैसे तुम्ही का भरायचे?

महागड्या शहरांनी हे आधीच करून बघितलंय. लोअर परळच्या जुन्या औद्योगिक गाळ्यांत जाहिरातवाले, फोटोवाले, डिझाइनवाले शिरले ते याच हिशेबानं. लंडनला थेम्सच्या काठावर ट्रिनिटी बॉय व्हार्फ या जुन्या धक्क्यावर २००१ साली जहाजांचे कंटेनर एकावर एक रचून कामाच्या खोल्या केल्या. न्यूयॉर्कला २०१६ च्या सुमारास एका कंपनीनं फक्त रात्री उघडणारी रेस्टॉरंटं दिवसा कामाला बसायला द्यायला सुरुवात केली. २०१९ मध्ये ती एका बड्या कंपनीनं विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी बंदही पाडली. आणि आपल्याकडं पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आठवा. वाड्यातल्या नाहीतर इमारतीतल्या एका खोलीत फळ्या मारून खण पाडलेले, प्रत्येक खणाला एक दिवा, एक प्लग, महिन्याचे पैसे. एमपीएससीच्या पोरांनी 'को-वर्किंग' हा शब्द ऐकला नव्हता तेव्हापासून ते तिथं बसतायत. फरक एवढाच, की अभ्यासिकेत फोनवर बोललात तर बाहेर काढतात.

आमच्या भागात कोणकोणत्या जागा चालतात?

शहापूर, वडगाव, खासबागात मागांची शेडं. निपाणीत तंबाखूच्या वखारी. गल्लोगल्ली तालमी आणि मंडळांचे हॉल. मंगल कार्यालयं. दुपारी साडेतीन ते सात बंद असणाऱ्या खानावळी. उद्यमबागेत एखादा कारखाना बंद झाला असेल तर त्याचा वरचा ऑफिसचा मजला, हा तर सगळ्यात सोपा. वायरिंग, संडास, टेबलं, सगळं तयार असतं, पण तो सहसा कानोकानी आधीच गेलेला असतो.

बंद पडलेल्या सिनेमा टॉकीजबद्दल फार लोक विचारतात. उतरती जमीन सपाट करायच्या खर्चात दुसरीकडं दोन ऑफिसं होतील. सोडून द्या.

मंगल कार्यालय खरंच ऑफिस म्हणून वापरता येतं?

येतं, पण पंचांग बघून. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, म्हणजे तुळशीचं लग्न लागेपर्यंत, मुहूर्त नसतात. साखरपुडे, बारशी, वाढदिवस होतात, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी हॉल ओस पडलेला असतो, आणि मालकाला वॉचमन आणि घरफाळा काही सुटत नाही. नेमक्या याच महिन्यांत आमच्या पत्र्याच्या शेडात पावसाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही जुलै-ऑगस्ट दोन महिने एका कार्यालयाच्या वधूपक्षाच्या खोल्यांत काढले. मुख्य हॉल मागू नका. तिथं आवाज घुमतो आणि एका माणसासाठी वीस पंखे लागतात. वरपक्ष-वधूपक्षाच्या खोल्या मागा. आरसे भरपूर मिळतील, प्लग मात्र मोजून दोन.

दिवाळी झाली की गाशा गुंडाळायचा. दारात मांडव पडलाय आणि तुम्ही आत क्लाएंटशी बोलताय, असं होऊ देऊ नका. आमचं एकदा झालं. सनई-चौघड्याची कॅसेट सुरू झाली आणि पलीकडचा माणूस अभिनंदन करून मोकळा झाला.

तालमीचा किंवा मंडळाचा हॉल?

भाडं सगळ्यात कमी, आणि पोरं आपलीच. पण गणपतीत दहा-अकरा दिवस आणि त्याच्या आधी मूर्ती, देखाव्याच्या तयारीचे पंधरा दिवस जागा सोडावी लागते. शिवजयंतीला पण. हे आधीच बोलून घ्या आणि मान्य असेल तरच जा. आत गेल्यावर कुरकुर करू नका, कारण हॉल त्याच्यासाठीच बांधलाय. पावती मंडळाच्या नावानं आणि खात्यावर घ्या. पैसे अध्यक्षाच्या खिशात दिले की पुढच्या वर्षी नवा अध्यक्ष 'कुठले पैसे?' म्हणतो.

निपाणीच्या वखारीचं काय? तंबाखूचा वास जातो का?

पूर्ण जात नाही. जाड भिंती, उंच छत, त्यामुळं उन्हाळ्यात वखार शेडापेक्षा कितीतरी गार. पण माल ठेवायला बांधलेली जागा, खिडक्या नावाला आणि त्या पण वर. जुना गिलावा वर्षानुवर्षं तंबाखू पिऊन बसलेला असतो. नुसता चुना मारून पहिल्या दमट दिवशी वास परत येतो. खालचा चार-पाच फूट गिलावा खरवडून नवा करावा लागतो, आणि आढ्यावरची बारीक धूळ कोरड्या झाडूनं न झाडता व्हॅक्यूमनं ओढून घ्यावी लागते. खोकला लागणाऱ्या किंवा दम्याच्या माणसाला एक दिवस आत बसवून बघा, मगच बयाणा द्या. बाकी निपाणी पुणे-बेंगळुरू हायवेवरच आहे, कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. तिकडं राहून इकडं बसणारे पण आहेत.

शेड बघायला गेल्यावर पहिल्यांदा काय बघायचं?

दुसरं दार. भाडं, छप्पर, रंग सगळं नंतर. माल ठेवायच्या नाहीतर माग चालवायच्या जागेला बहुतेक वेळा एकच दार असतं आणि त्या दाराशीच मीटर. आग लागते ती मीटरपाशी, आणि माणसं अडकतात आत. अमेरिकेत ओकलंडला कलाकारांनी एका गोदामात कामाच्या आणि राहायच्या जागा केल्या होत्या. खाली यायला लाकडी पॅलेटं ठोकून केलेला जिना. डिसेंबर २०१६ मध्ये आग लागली, ३६ जण गेले. सुरतेत २४ मे २०१९ ला एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये आग शिरली. खाली उतरायची वाट राहिली नाही म्हणून पोरांनी उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी गेले. दोन्ही ठिकाणी बाहेर पडायची धड वाट नव्हती.

आमच्या शेडाला पण एकच दार होतं. मागच्या भिंतीत दार पाडायला मालकाला तयार करण्यातच तीन आठवडे गेले, कारण मागचा बोळ चुलत भावाचा. शेवटी चुलत भावाला बोलावून, चहा पाजून, बोळाकडं उघडणारं पण फक्त आतून कडी असलेलं लोखंडी दार बसवलं. त्याच्यापुढं आजवर एक खोकं ठेवू दिलेलं नाही.

मग जमीन बघा. हातमागाचं जुनं घर असेल तर जमिनीत खड्डा असतो. विणकर पाय खाली सोडून त्यात बसायचा. हे खड्डे मातीनं भरून वर फरशी टाकली की पहिल्या पावसाळ्यात फरशी खचते. मुरूम थराथरानं ठोकून, वर काँक्रीट करून मगच फरशी. आमच्याकडं तीन खड्डे होते. दोन भरले. तिसऱ्यावर फळी टाकलीय, खाली राऊटर, बॅटऱ्या आणि सगळ्या वायरी. आमच्या टॅक्सवाल्याचं म्हणणं, एवढ्या वर्षांत त्या खड्ड्यातून पहिल्यांदाच नेमानं पैसे येतायत. मालक मामांना हा विनोद आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

छपराचं: कौलं असतील तर उत्तम, पत्रे असतील तर कोणते ते बघा. राखाडी सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. तो जागेवर शाबूत असेल तर फारसा त्रास नाही. पण वायर न्यायला म्हणून त्याला ड्रिल मारलं, कापला, फोडला की त्याचे तंतू हवेत येतात आणि फुप्फुसात जातात. भोकं पाडायची असतील तर लाकडाला पाडा.

उकाडा आणि पावसाच्या आवाजाला उपाय?

छताला स्वस्तात थर्माकोल चिकटवून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला हमखास भेटेल. नको म्हणा. आग लागली की तो वितळून अंगावर टपकतो आणि धूर काळा विषारी. पत्र्याखाली ग्लासवूल नाहीतर रॉकवूल आणि त्याखाली जिप्समचं छत, हे महाग पण एकदाच. तेवढे पैसे नसतील तर पत्र्यावर बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या. उन्हाळ्यात फरक कळतो, पावसाच्या आवाजाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. कौलारू असेल तर चार-पाच काचेची कौलं बसवा, दिवसा दिवा लागणार नाही. आमच्याकडं सकाळी साडेदहाच्या सुमारास एका काचेच्या कौलातून उन्हाचा तुकडा बरोबर ड्रॉइंगवाल्याच्या स्क्रीनवर येतो. पंधरा मिनिटं तो उठून चहा करतो. सगळ्यांना चहा त्याच वेळी.

विजेचं मीटर मागाचंच आहे. तेच वापरलं तर?

इथं भले भले घसरतात. विणकरांना सवलतीत वीज मिळते ती माग चालवायला. त्या मीटरवर तुमचं ऑफिस चालवलं तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो. जो दर लागायला हवा होता त्याच्या दुप्पट आकारणी होते, आणि किती दिवस वापरलं हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. बिल येतं मालकाच्या नावावर. म्हणजे तुमच्या चुकीचा भुर्दंड त्या विणकराला, आणि त्याची सवलत पण धोक्यात. हेस्कॉमकडं, म्हणजे इकडच्या वीज कंपनीकडं, अर्ज करून व्यापारी मीटर वेगळं घ्या. मागाला थ्री-फेज लाइन असेल तर तिचा तुम्हाला फायदा आहे, पण आतली वायरिंग मात्र नवी करा. कापसाची पूड बसलेल्या जुन्या बोर्डावर सात लॅपटॉप लावू नका.

लाइट गेली तर किती वेळ चालतं?

एक १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, हातात धरा बाराशे. दहा लॅपटॉप, चार पंखे, दिवे, राऊटर मिळून सहाशे-साडेसहाशे वॉट. जेमतेम दोन तास. म्हणून लॅपटॉप इन्व्हर्टरवर घेऊच नका, त्यांना त्यांची बॅटरी असते. इन्व्हर्टरवर फक्त राऊटर, दिवे आणि कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे ठेवा. दोनशे वॉटच्या आत बसतं आणि पाच-सहा तास निघतात.

इंटरनेटच्या लाइन दोन घ्या, वेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगळ्या खांबावरून येणाऱ्या. एकाच खांबावर दोन कंपन्या असतील तर झाडाची फांदी दोघींना एकदमच घेऊन जाते. व्हिडिओ कॉलला माणशी तीन-चार एमबीपीएस धरा आणि अपलोडचा वेग विचारा. विकणारा फक्त डाउनलोडचा सांगतो.

तळघर स्वस्तात मिळतंय.

नको. दिल्लीत जुन्या राजिंदर नगरात २७ जुलै २०२४ ला एका क्लासच्या तळघरात पाणी भरून तीन विद्यार्थी बुडाले. तळघराला परवानगी होती सामान ठेवायची, आणि आत चालत होती लायब्ररी. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको.

मालकाशी करार कसा करायचा?

आधी मालक किती आहेत ते बघा. मामांनी सांगितलं, 'माग विकलं, आता शेडात काय घुशी पाळू? घ्या की तुम्ही.' आम्ही खूश. उतारा काढला तर त्यावर सहा नावं, त्यातली दोन माणसं वारलेली आणि एक बहीण इचलकरंजीत नांदणारी. सामायिक जागेत एकाच्या सहीवर लाखभर रुपये छपराला घालू नका. सगळ्यांच्या संमतीची सही नाहीतर वाटणीचा कागद. हे मागताना अवघड वाटतं. आम्ही पण आठ दिवस विषय काढला नव्हता. शेवटी मामींनीच काढला, कारण त्यांना पण भाऊबंदकीचीच भीती होती.

मुदतीचं. अकरा महिन्यांचा करार स्टँप पेपरवर करायची आपल्याकडं सवय आहे. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. हद्दीपलीकडं, म्हणजे चंदगड-कोल्हापुरात, जागा घेत असाल तर मात्र महाराष्ट्राच्या कायद्यानं लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळं इकडचा मसुदा तिकडं नेऊ नका. आमचं मत विचाराल तर नोंदणीचा खर्च करा आणि तीन वर्षांचा करा. जागेला तुम्ही रंग, दार, संडास, छप्पर देता, तिथं चार पोरं लॅपटॉप घेऊन जाताना दिसतात, आणि वर्षभरात शेजारच्या शेडाचं भाडं वाढतं. मग तुमचं. मुंबईत गिरण्यांच्या आवारात हेच झालं. आधी लहान स्टुडिओ आले, मग हॉटेलं, मग ज्यांनी जागेला रंग आणला त्यांनाच भाडं परवडेना. दरवर्षी किती टक्के वाढ ते आकड्यात लिहा. 'आपसात ठरवू' हे लिहू नका, आपसात काही ठरत नसतं. छपराला आणि दाराला घातलेले पैसे भाड्यातून वळते होणार की जाताना परत मिळणार, ते पण लिहा. आणि विणकामाचं काही सामान पडून असेल, रहाट, फण्या, तर ते कुणाचं आणि कुठं ठेवायचं हेही. आमच्यात झालेलं एकमेव भांडण एका जुन्या रहाटावरून झालं.

लायसन्स काय काय लागतं?

महानगरपालिकेचं ट्रेड लायसन्स, कर्नाटकाच्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याखाली नोंदणी, व्यवसाय कर. खेड्यात ट्रेड लायसन्सच्या जागी ग्रामपंचायतीची परवानगी. त्याआधी ई-खात्यावर, म्हणजे जागेच्या सरकारी नोंदीवर, जागेचा वापर काय लिहिलाय ते बघा. निवासी लिहिलं असेल तर तिथूनच गाडी अडते. कामासाठी एजंट धरलात तरी अर्जाची पोच स्वतःच्या हातात ठेवा.

पुण्याच्या फर्मच्या नावानं जागा घेतली तर जीएसटीचं काय?

जागेवरचा कर जागा जिथं आहे त्या राज्याचा. बेळगावच्या जागेच्या भाड्यावर १८ टक्के लागले तर त्यातले ९ केंद्राचे, ९ कर्नाटकाचे. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचं क्रेडिट तुम्हाला घेता येत नाही. हिशेब करताना ते पैसे गेले असंच धरा. मालक जीएसटीत नाही आणि तुम्ही आहात, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरचा कर उलट्या पद्धतीनं (रिव्हर्स चार्ज), म्हणजे मालकाऐवजी तुम्हीच भरायचा. 'मामांना जीएसटी नाही, म्हणून आपल्याला पण नाही' असं म्हणणारे दोघे जण आम्हाला नोटिशीसकट भेटलेत.

पाटी कोणत्या भाषेत लावायची?

कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड, आणि ते वरच्या अर्ध्या भागात. उरलेल्यात मराठी, इंग्रजी काय हवं ते. आम्ही पाटीच लहान केली. क्लाएंट बेंगळुरूला, पाटी बघायला येतो फक्त पोस्टमन.

कॅम्पातला एखादा जुना बंगला?

सुंदर असतात, झाडी, सावली, शांतता. पण कॅम्पात बऱ्याच ठिकाणी जमीन संरक्षण खात्याची आणि बंगला राहणाऱ्याचा. वापर बदलायचा, भिंत हलवायची तर कँटोन्मेंट बोर्डाकडं जावं लागतं. कागद हातात आल्याशिवाय एक खिळा ठोकू नका.

कंटेनर आणून ठेवला तर?

वीस फुटी कंटेनर आतून रुंदीला पावणेआठ फूट. भिंतीत ग्लासवूल भरलं की सात. टेबल, खुर्ची आणि मागून जायला वाट, संपला. एप्रिलात लोखंडी डबा तापतो तो वेगळाच. लंडनला थंडीत तो बरा वाटत असेल.

मुली येतात का अशा ठिकाणी?

संडास ठीक असेल तर येतात. बहुतेक शेडांचा संडास परसात, अंधारात, कडी बाहेरून. आम्ही पहिल्या महिन्यात टेबलांवर खर्च केला आणि संडास 'नंतर बघू' म्हणून ठेवला. टेस्टिंगवाल्या दोघी येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, परत आल्या नाहीत. त्यातल्या एकीच्या आईनं माझ्या आईला सांगितलं तेव्हा कळलं. मग टेबलांची ऑर्डर अर्धी केली, आत वेगळा संडास बांधला, आतून कडी, पाणी, दिवा, झाकणाचा डबा. बोळाच्या तोंडाशी एक दिवा रात्री दहापर्यंत. त्या दोघी अजून आहेत. आता किल्ली त्यांच्याकडंच असते, कारण सकाळी सगळ्यात आधी त्याच येतात.

शेजारची शेडं चालू असतील तर मागांच्या खडखडाटात कॉल कसे घेता?

हा प्रश्न जागा बघायला आलेला प्रत्येक माणूस दारातच विचारतो, ओरडून. मागच्या कोपऱ्यात सहा बाय पाचची एक खोली केलीय, दुहेरी प्लायच्या भिंतीत रॉकवूल, दाराला रबर, आत जुनी वाकळ टांगलेली. त्यात आवाज बराच कमी होतो, जात नाही. दुपारी एक ते दोन शेजारचे जेवायला थांबतात, तेव्हा सगळ्यांना कॉल हवे असतात आणि खोलीसाठी नंबर लागतो. पण खरी शांतता लाइट गेल्यावर. गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात, राऊटर आमचा खड्ड्यात बॅटरीवर चालूच असतो, आणि अवघड क्लाएंटला फोन लावायला आम्ही तीच वेळ धरतो.